वाटणीआधीचे कर्ज

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. उर्दूत दोन्हींचे काम एकटा 'हम' करतो. त्यामुळे उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांची आणि आमच्या विद्यार्थ्यांची मराठी बोलताना इथे हमखास गफलत होते. 'आम्ही'मध्ये समोरचा माणूस नसतो, 'आपण'मध्ये तो असतो, एवढे सांगून वर्गात आम्ही हा भाग पाच मिनिटांत संपवतो. गेल्या जानेवारीत घुग्घुसच्या बंद कोळसा खाणींच्या परिसरात दिवसभर पायी हिंडलो. हा भाग पाच मिनिटांत संपणारा नाही, हे त्या दिवशी कळले.

घुग्घुस हे आमच्या एका सहकारी शिक्षकाचे गाव. चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातला वणी तालुका लागतो. सहकाऱ्याच्या धाकट्या भावाच्या निकाहासाठी आम्ही चार शिक्षक भिवंडीहून गेलो होतो. वलीमा आटोपला आणि परतीच्या गाडीला एक दिवस शिल्लक राहिला. चंद्रपुरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. गोंड राजांनी बांधलेला परकोट आहे, महाकालीचे मंदिर आहे, जवळच ताडोबा आहे. पण सहकारी म्हणाला, "वो सब तो सब लोग देखते हैं. चलो, तुमको तुम्हारी बिजली का मायका दिखाता हूँ."

आम्ही हसलो. पण ती निव्वळ थट्टा नव्हती. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट आहे. राज्याच्या या पूर्व टोकाला तयार होणारी वीज पश्चिम टोकाला नेण्यासाठी चंद्रपूर ते पडघे अशी एक खास वाहिनी आहे. तिची लांबी सुमारे 750 किलोमीटर आणि क्षमता 1500 मेगावॉट. 1999 पासून ती चालू आहे. इतक्या लांबच्या पल्ल्यात वाया जाणारी वीज कमी व्हावी म्हणून चंद्रपूरकडे प्रत्यावर्ती वीज एकदिश केली जाते आणि पडघ्याला ती पुन्हा प्रत्यावर्ती करून पुढे सोडली जाते. पडघे आमच्या भिवंडी तालुक्यात आहे. नाशिक महामार्गाने जाताना तिथले मनोरे आम्ही शेकडो वेळा पाहिले आहेत. तारांचे दुसरे टोक कुठे आहे, हे कधी कुणाला विचारले नव्हते.

भिवंडीच्या माणसाला विजेचे महत्त्व सांगावे लागत नाही. आमचे गाव यंत्रमागावर जगते. आम्ही शाळेत होतो तेव्हा, 2005-06 च्या सुमारास, भारनियमनाने गावाला जेरीस आणले होते. एरवी माणसाला आवाजाने जाग येते. आमच्या मोहल्ल्यात माग बंद पडले की त्या शांततेने लोक दचकून उठायचे. माग थांबला म्हणजे त्या दिवसाची मजुरी थांबली. वीज परत आली की पोरे गल्लीत ओरडत सुटायची. त्या ओरडण्यात आभार होते, पण कुणाचे, हे ठाऊक नव्हते.

फजरची नमाज झाल्यावर आम्ही निघालो. सोबत सहकाऱ्याचे एक चाचा होते आणि घरातली पाच-सहा मुले होती. चाचांनी भूमिगत खाणीत तीस वर्षे काढली. निवृत्त झाले तेव्हा ते सरदार होते. खाणीतला सरदार म्हणजे पाळीतल्या एका भागाच्या सुरक्षेची जबाबदारी असलेला माणूस. त्यासाठी परीक्षा देऊन दाखला मिळवावा लागतो. त्यांनी निघण्यापूर्वीच दोन अटी घातल्या. जिथे ते नको म्हणतील तिथे पाय ठेवायचा नाही आणि मगरिबच्या आत वस्तीत परत यायचे. पहिल्या अटीचे कारण जमीन होती, दुसरीचे वाघ. मातीच्या जुन्या ढिगाऱ्यांवर वेड्या बाभळीचे रान माजले आहे आणि त्यात जनावरांना लपायला जागा मिळते. 2022 च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या आणि दुर्गापूरच्या परिसरात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली होती.

पहिला मुक्काम आमराईचा. नावावरून वाटते तशी आता ती आंब्यांची बाग नाही, दाटीवाटीची वस्ती आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये इथले एक राहते घर बघता बघता जमिनीत गेले. थोडेथोडके नव्हे, साठ-सत्तर फूट खोल. घरातली माणसे काही क्षण आधी बाहेर पळाली म्हणून वाचली. आसपासच्या कित्येक कुटुंबांना दुसरीकडे हलवावे लागले. या वस्तीच्या पोटात जुनी भूमिगत खाण आहे. ती बंद होऊन दशके लोटली होती. वर घरे झाली, संसार झाले, लेकरे मोठी झाली आणि खालची पोकळी तशीच राहिली.

वस्तीच्या कडेला एक बाई अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. चाचांना ओळखत होत्या. त्यांनी आम्हाला विचारले, "कुठून आले जी तुमी?" आम्ही म्हणालो, मुंबईकडून. त्यांनी लगेच खाट टाकली. "बसा जी. आपलंच घर होय." घराच्या भिंतीला छतापासून जोत्यापर्यंत बोटभर रुंदीची भेग होती. ती सिमेंटने बुजवलेली दिसत होती आणि बुजवल्यानंतर पुन्हा उघडलेली दिसत होती. चहा पिताना त्या म्हणाल्या, "रात्री झोप नाही लागत जी आमाले. जमीन आवाज करते का म्हणून आयकत राहतो." मग त्यांनी विचारले, "तुमच्याकडं लाईट जाते का?" आता फारशी जात नाही, असे आम्ही सांगितले. "इथं जाते जी," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर त्यात नव्हता. पाऊस कुठे किती पडला याची चौकशी करावी, तसे त्यांनी विचारले होते.

तिथून निघाल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. वस्ती संपली आणि मातीचे डोंगर सुरू झाले. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती आणि खडक उकरून बाजूला टाकतात. त्यांचेच हे डोंगर. ज्यांना त्या भागाची माहिती नाही त्यांना ते नैसर्गिक टेकड्याच वाटतील. जवळ गेल्यावर फरक कळतो. शेताची काळी माती, जी सर्वांत वर असायची, ती सगळ्यात आधी टाकली गेली म्हणून सगळ्यात खाली गाडली गेली आहे. जे खोल होते ते पिवळट वाळूखडक आणि करडी शेल आता माथ्यावर आहे. जमीन जणू उलटी करून ठेवली आहे. उतारावर सुबाभूळ आणि शिसव लावलेली आहे. काही ठिकाणी झाडे तग धरून आहेत, काही ठिकाणी नुसते खड्डे उरले आहेत. एका जागी मातीतून बारीक धूर निघत होता. ढिगाऱ्यात राहून गेलेला कोळसा हवा लागून आपोआप तापतो आणि धुमसत राहतो. त्याला कुणी काडी लावावी लागत नाही.

त्या ढिगाऱ्यावर मुलांपैकी एकाला शेलचा पातळ तुकडा सापडला. त्यावर पानाचा ठसा होता. जिभेसारखे लांबट पान, मधोमध शीर, बाजूंना जाळी. विज्ञान शिकवणारे आमचे मित्र तिथेच उकिडवे बसले. ते ग्लोसोप्टेरिसचे पान होते. पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी इथे दलदलीची जंगले होती. तीच गाडली गेली, दाबली गेली आणि तिचा कोळसा झाला. या खडकांना भूशास्त्रात गोंडवाना म्हणतात. एकोणिसाव्या शतकात भारतीय भूशास्त्र सर्वेक्षणातील अभ्यासकांनी गोंडांच्या मुलखावरून हे नाव दिले आणि पुढे ते एका अख्ख्या प्राचीन खंडाला लागले. ज्यांचे नाव जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत गेले त्या गोंडांची शेते याच पट्ट्यातल्या खाणींखाली गेली, हेही सहकाऱ्याने चालता चालता सांगितले.

दुपारी आम्ही एका बंद पडलेल्या उघड्या खाणीच्या काठावर, पण काठापासून बरेच अलीकडे, थांबलो. खाली हिरवट-निळे पाणी साचलेले होते. त्यावर दोन पाणकावळे पंख पसरून बसले होते. दृश्य सुंदर होते, हे कबूल करायला हवे. भाकरी-भाजी आणि वलीम्यातला उरलेला जर्दा खाता खाता चाचांनी भूमिगत खाणीचे काम समजावून सांगितले.

कोळशाचा थर काढताना सगळा कोळसा काढता येत नाही. आडवे-उभे बोगदे खणत जायचे आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे. छत त्या खांबांवर उभे असते. पुढे खाण संपत आली की ते खांबही मागे मागे सरकत काढून घेतात. खांब काढले की एक तर छत पडू देतात, नाहीतर नदीची वाळू पाण्याबरोबर आत सोडून पोकळी भरतात. जिथे खांब तसेच सोडले आणि पोकळी भरली नाही, तिथे खाण बंद झाल्यावर उपसा थांबतो, पाणी चढते, खांब भिजतात, झिजतात. वर्षे जातात. मग एक दिवस वरची जमीन खाली बसते. अशा सोडून दिलेल्या खाणींत साचलेले पाणी शेजारच्या चालू खाणीतल्या माणसांचाही घास घेते. धनबादजवळच्या चासनाळा खाणीत 27 डिसेंबर 1975 रोजी पाणी घुसले आणि 370 हून अधिक कामगार बुडाले, ते अशाच पाण्याने.

"छत बोलती है," चाचा म्हणाले. पाळी सुरू होण्याआधी सरदार काठीने छत ठोकून पाहतो. पक्के छत खणखणते, सुटलेले छत ढोलासारखे भद्द वाजते. तीस वर्षे त्यांनी तो आवाज ऐकला. सकाळच्या बाईंचे शब्द आम्हाला आठवले. सरदाराला त्या ऐकण्याचा पगार मिळत असे. त्या बाई रात्रभर फुकट ऐकतात.

त्यांनी दिव्यांचीही गोष्ट सांगितली. खाणीत उतरताना प्रत्येकाला दिवाघरातून टोपीवरचा दिवा मिळतो. पाळी संपल्यावर तो परत करायचा. दिवाघरातला माणूस रिकाम्या खुंट्या मोजतो. एक जरी दिवा परत आला नाही, तरी खाली कुणीतरी राहिले आहे असे समजून शोध सुरू होतो. तो दिवा कुणाचा, तो कामाचा की कामचुकार, त्याची जात कोणती, हे त्या घडीला कुणी विचारत नाही.

जुहरची नमाज आम्ही तिथेच पढलो. सजद्यात कपाळ जमिनीला लागले तेव्हा पहिल्यांदाच मनात आले की खाली काय असेल. ज्या जमिनीवर डोके टेकून माणूस सर्वांत निर्धास्त होतो, तिच्याविषयीच शंका यावी, हे विचित्र होते.

नमाजनंतर सर्वांत लहान मुलाने खाणीकडे बोट करून विचारले, "ये इतना बड़ा गड्ढा किसने किया?"

सगळ्यांनी उत्तरे दिली. एक म्हणाला, इंग्रजांनी सुरुवात केली. वरोऱ्याची सरकारी खाण 1871 ची, खरेच आहे ते. दुसरा म्हणाला, जुन्या खाजगी मालकांनी. तेही खरे, कारण या खाणींचे राष्ट्रीयीकरण 1973 साली झाले. तिसरा म्हणाला, मग सरकारने. चाचा सगळ्यांचे ऐकून शांतपणे म्हणाले, "हमने किया बेटा. हमने."

तो 'हम' आमच्या कानात अडकला. चाचांना काय म्हणायचे होते? 'आम्ही' केला, म्हणजे आम्ही खाणकामगारांनी? की 'आपण' केला, म्हणजे इथे बसलेल्या सर्वांनी? उर्दूने त्यांना उत्तर न देताही उत्तर देण्याची सोय दिली होती. आम्हाला मात्र हे मराठीत लिहायचे असेल तर एक शब्द निवडावा लागणार होता.

वाचकहो, प्रश्न हा आहे. जे सुख आम्ही मागितले नाही, पण भोगले, त्याच्या किमतीशी आमचा संबंध काय? आम्ही भिवंडीत जन्मलो तेव्हा दिवे लागलेलेच होते. कुणाचे घर पोखरा, असे आम्ही कुणाला सांगितले नाही. या प्रश्नाला टाळण्याची चार उत्तरे आम्ही त्या परतीच्या वाटेवर एकमेकांना देऊन पाहिली. चारही पूर्ण खोटी नाहीत, म्हणून ती तपासायला हवीत.

पहिले उत्तर: आम्ही बिल भरतो. बरोबर. बिलात कोळशाची किंमत आली, वाहतूक आली, सरकारचे स्वामित्वधन आले, कामगाराचा पगार आला. पण त्या बाईंच्या भिंतीची भेग त्यात कुठल्या ओळीत आहे? दुकानदाराने ज्या वस्तूची किंमत लावलीच नाही, तिचे पैसे दिले असे गिऱ्हाइकाला म्हणता येत नाही.

दुसरे उत्तर: खाणीने इथल्या लोकांना रोजगार दिला. दिलाच. चाचांची तीन मुले त्या पगारावर शिकली. पण पगार ही कामाची भरपाई असते, जमिनीची नव्हे. शिवाय ज्याला पगार मिळाला आणि ज्याचे घर खचले ती माणसे एकच असतील असे नाही. पगार घेणारा निवृत्त होऊन निघून जातो, खाली बसणाऱ्या जमिनीवर पुढची पिढी राहते.

तिसरे उत्तर: आमचा वाटा किती? विजेच्या जाळ्यात सगळी वीज एकत्र होते. घुग्घुसच्या कुठल्या कोळशाने भिवंडीचा कुठला माग चालला, हे कुणीही सांगू शकणार नाही. हे उत्तर सर्वांत चतुर आहे. पण दूध विहिरीच्या पाण्यात मिसळले म्हणजे दूध ओतलेच नाही असे होत नाही. वाटा मोजता न येणे आणि वाटा नसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथे उत्तर आम्हाला सर्वांत जवळचे होते. ते असे की आम्हीही काही सुखात नाही. बारा-बारा तास मागावर उभा राहणारा मजूर गुन्हेगार कसा? आमच्या गावातही माणसे डोक्यावर कोसळणाऱ्या छताखाली झोपतात. 2020 च्या सप्टेंबरात भिवंडीत तीन मजली इमारत पहाटे कोसळली आणि चाळीसच्या आसपास माणसे गेली. गरिबाने गरिबाचे देणे का द्यावे?

या चौथ्या उत्तरापाशी आम्ही बराच वेळ थांबलो आणि तिथेच वाट फुटली. आमच्या लक्षात आले की चारही उत्तरांत आम्ही एकाच आरोपाचा बचाव करत होतो. तो आरोप गुन्ह्याचा होता. आणि गुन्हा आम्ही केलेला नाहीच. एकाच्या पापाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर जात नाही, ही आमच्या धर्माची साधी शिकवण आहे. बापाने केलेल्या चुकीसाठी मुलाला शिक्षा नाही. मग आम्ही मोकळे झालो का?

नाही. कारण गुन्हा वारशाने येत नाही, पण कर्जाचे तसे नाही. इस्लामी वारसा कायद्यात मृताने मागे ठेवलेल्या मालमत्तेला तरका म्हणतात. तरका वाटण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग मृताचे कर्ज, मग जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंतचे मृत्युपत्र आणि या सर्वांतून जे उरेल ते वारसांचे. आमच्या घरांत वाटणीचे वाद होतात तेव्हा मुलीचा हिस्सा, मुलाचा हिस्सा यावर सगळे हिरिरीने बोलतात. वाटणीच्या आधीची कर्जाची पायरी मात्र हलक्या पावलाने ओलांडली जाते. हजरत मुहम्मद (स.) यांच्यासमोर एका कर्जदाराचा जनाजा आणला गेला, तेव्हा त्याच्या कर्जाची जबाबदारी एका साथीदाराने पत्करल्यावरच त्यांनी नमाज पढवली. ही हदीस आम्ही मुलांना शिकवतो. कर्ज इतके गंभीर आहे.

या कायद्यातला न्याय पाहावा. वारसाने कर्ज काढले नव्हते. तरी 'मी कर्ज काढले नाही' असे म्हणून तो पूर्ण मालमत्ता घेऊ शकत नाही. त्याचबरोबर वारसाला आपल्या खिशातून, मिळालेल्या मालमत्तेपलीकडे, फेडावे लागत नाही. ज्याला जितके मिळाले तितक्या प्रमाणात त्याची जबाबदारी. ज्याच्या वाट्याला एक दिवा आला त्याचे देणे एका दिव्याएवढे, ज्याच्या वाट्याला कारखाना आला त्याचे कारखान्याएवढे. मागावरच्या मजुराला कुणी गुन्हेगार म्हणत नाही आणि त्याच्या आडून गिरणीमालकालाही निसटता येत नाही. चौथ्या उत्तराचा पेच इथे सुटतो.

कोळसा हा असाच तरका आहे. तो आम्ही मिळवलेला नाही, चाचांनीही नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीची जंगले तो ठेवून गेली. त्याच्यावर देशाचे दिवे लागले. आजही देशात तयार होणाऱ्या विजेत सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा कोळशाचा आहे. 2021 साली ग्लासगोच्या परिषदेत भारताने 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. म्हणजे कोळशाच्या या युगाचा कधीतरी जनाजा निघणार, हे ठरले आहे. त्या दिवशी सौर ऊर्जेचे, नव्या कारखान्यांचे, नव्या सुबत्तेचे हिस्से वाटायला सगळे जमतील. वाटणीआधी कर्जाची पायरी कुणी आठवून देईल का?

अशी पायरी असावी, हे कायद्यालाही हळूहळू पटले आहे, हे नोंदवायला हवे. 2009 मध्ये कोळसा मंत्रालयाने नियम केला की खाण चालू असतानाच ती बंद करण्याचा आराखडा करायचा आणि त्यासाठीचा पैसा स्वतंत्र एस्क्रो खात्यात बाजूला ठेवायचा. 2015 च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. खाणवाल्याने स्वामित्वधनाच्या जोडीला ठरावीक हिस्सा बाधित लोकांसाठी द्यायचा. हीच ती वाटणीआधीची वजावट. पण ज्या खाणी त्याच्या कितीतरी आधी बंद झाल्या, त्यांच्या नावाने तेव्हा कुणी काही बाजूला ठेवले नव्हते. जुने देणे सर्वांत जास्त आणि त्याची तजवीज सर्वांत कमी, अशी ही स्थिती आहे.

आणखी एक भेद आम्हाला महत्त्वाचा वाटतो. कर्ज आणि खैरात यांत फरक आहे. खैरात देणाऱ्याचा हात वर असतो. तो देतो, फोटो काढतो, आभार ऐकतो. कर्जदाराचे डोळे खाली असतात. त्याला सावकाराच्या दारात स्वतः जावे लागते आणि फेडल्यानंतर आभाराची अपेक्षा करता येत नाही. घुग्घुससारख्या गावांना जेव्हा काही दिले जाते, मग ती शाळेची खोली असो, पाण्याची टाकी असो की नवे घर, ते बहुतेक वेळा खैरातीच्या थाटात दिले जाते. फलक लागतो, फीत कापली जाते. देणे चुकते करताना कुणी फीत कापते काय? त्या बाईंना आम्ही मदत करू, असे आमच्यातला एक जण भाबडेपणाने म्हणाला होता. तो शब्दच चुकीचा होता.

कुणी म्हणेल, कर्जाचा आकडा सांगा. आकडा आमच्याकडे नाही. भेग किती रुपयांची, रात्रीची झोप किती रुपयांची, कोटी वर्षांच्या पानांचे काय द्यायचे, हे गणित शिक्षकांच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी भूशास्त्रज्ञ हवेत, जुन्या खाणींचे नकाशे हवेत, प्रामाणिक अधिकारी हवेत. पण आकडा ठाऊक नसला म्हणून कर्ज नाकारता येत नाही. आमच्या फिकहमध्ये इकरार, म्हणजे देण्याची कबुली, ही स्वतंत्र गोष्ट मानली आहे. रक्कम पुढे ठरेल. पण कबुली आधी द्यावी लागते आणि ती धनकोच्या समोर द्यावी लागते.

मगरिबच्या आधी आम्ही वस्तीत परतलो. चाचांनी गल्लीच्या तोंडाशी थांबून सगळी मुले मोजली. मग आम्हा पाहुण्यांनाही मोजले. ती त्यांची जुनी सवय असावी. आमराईतल्या त्या घरावरून पुन्हा गेलो तेव्हा दार लावलेले होते आणि गल्लीत वीज नव्हती. आत कंदील किंवा मोबाईलचा उजेड हलत होता. दार ठोकावे असे वाटले, पण ठोकून काय बोलायचे ते सुचले नाही. आम्ही पुढे निघालो. त्याची रुखरुख अजून आहे.

भिवंडीला परतल्यावर सातवीच्या वर्गात विजेचा धडा आला. दरवर्षी आम्ही फळ्यावर बाण काढत जातो: दिवा, बटण, तार, खांब, उपकेंद्र, वीज केंद्र. तिथे बाण थांबतो. यंदा आम्ही आणखी दोन बाण काढले. खाण, आणि खाणीच्या वर एक घर. घराच्या भिंतीवर एक वाकडी रेघ काढली. मुलांनी विचारले, ही रेघ कसली? आम्ही त्या बाईंची हकीकत सांगितली. एका मुलीने उठून विचारले, "सर, तो हम उनके कर्जदार हुए?"

आम्ही तिला सांगितले, हे वाक्य मराठीत लिहून आण. दुसऱ्या दिवशी तिने वहीत लिहून आणले होते, 'आपण त्यांचे कर्जदार आहोत.' 'आम्ही' लिहून खोडले होते. का खोडले, ते आम्ही विचारले नाही. आम्हाला आठवला तो भेगाळलेल्या भिंतीपाशी टाकलेल्या खाटेवरचा चहा. 'आपलंच घर होय' असे त्या बाई म्हणाल्या होत्या. धनकोने आम्हाला 'आपण'मध्ये आधीच घेतले होते. कर्जदारांनी 'आम्ही'मध्ये लपून राहणे आता शोभत नाही.